अपघाताचे कागद : जखमींच्या भरपाई दाव्यातील पुरावा

मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाला भरपाई मिळते ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली नेमलेल्या न्यायाधिकरणाकडून. महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच हे न्यायाधिकरण बसते आणि बहुधा जिल्हा न्यायाधीश किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशच ते काम पाहतात. तिथे अर्जदाराला चार गोष्टी दाखवाव्या लागतात. अपघात त्याच वाहनामुळे झाला, चूक त्या वाहनाच्या चालकाची होती, इजा किती झाली व तिच्यातून कायमचे काय उरले, आणि त्यामुळे कमाई किती बुडाली. या चारही गोष्टींचा पुरावा वेगवेगळ्या ठिकाणी असतो आणि त्याचे आयुष्यही सारखे नसते. रस्त्यावरच्या खुणा काही तासांत पुसल्या जातात. शरीराचा पुरावा महिनोन्‌महिने घडत राहतो. कमाईचा पुरावा मात्र अपघाताच्या आधीच तयार झालेला असावा लागतो, नंतर केलेल्या कागदाला फारशी किंमत उरत नाही.

पुरावा किती भक्कम लागतो, याबाबत कायदा जखमींच्या बाजूने झुकलेला आहे. फौजदारी खटल्यात आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात शक्यतेचे पारडे अर्जदाराकडे झुकले तरी पुरते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील एका निकालात हे स्पष्ट केले आणि त्यानंतरही अनेकदा सांगितले. न्यायाधिकरणाची चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असते, पुराव्याच्या कायद्यातील तांत्रिक नियम तिथे काटेकोरपणे लावले जात नाहीत. चालक फौजदारी न्यायालयातून सुटला, तरी तेवढ्याने दावा पडत नाही, हे १९८० पासून ठरलेले आहे. या सवलतीमुळे एक गैरसमज मात्र पसरतो, की गुन्हा दाखल आहे म्हणजे दावा झालाच. प्रत्यक्षात बहुतेक दावे फेटाळले जात नाहीत, ते आखडतात. चूक सिद्ध होते, पण अपंगत्वाची टक्केवारी किंवा मासिक उत्पन्न सिद्ध होत नाही आणि रक्कम निम्म्यावर येते.

घटनास्थळाचा पुरावा सगळ्यांत आधी जातो. टायर घासल्याच्या खुणा, काचांचा चुरा, सांडलेले ऑइल, वाहने कुठे व कोणत्या दिशेला तोंड करून थांबली, दुभाजक कुठे तुटला, सूचनाफलक होता की नव्हता, या गोष्टींवरून धडक कशी झाली ते वाचता येते. वाहतूक खोळंबू नये म्हणून वाहने लगेच बाजूला घेतली जातात आणि घटनास्थळाचा पंचनामा पुष्कळदा त्यानंतर होतो. मग पंचनाम्यात नोंद होते ती वाहने बाजूला घेतल्यानंतरच्या जागेची. म्हणून जखमींसोबत असलेल्याने किंवा मदतीला धावलेल्या कोणी मोबाइलवर काढलेली चार छायाचित्रे पुढे पंचनाम्याइतकीच कामी येतात. एक छायाचित्र दुरून, आजूबाजूची खूण, किलोमीटरचा दगड किंवा दुकानाची पाटी दिसेल असे हवे. एक दोन्ही वाहनांच्या नंबरप्लेटचे आणि बाकीची नुकसान झालेल्या भागांची.

निर्जीव खुणा किती बोलू शकतात याचे एक जुने उदाहरण आहे. १९६० साली नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्त्याच्या अगदी उजव्या कडेला जाऊन झाडावर आदळली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हाती नव्हता. १९७७ मध्ये पुष्पाबाई उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की मोटार चुकीच्या बाजूला गेली होती, झाड उन्मळले होते, इंजिन मूळ जागेवरून मागे सरकले होते आणि या गोष्टी स्वतःच निष्काळजीपणा सांगतात. अपघात कसा घडला हे अर्जदाराला माहीत असणे शक्य नसेल, तर खुलासा करण्याची जबाबदारी वाहनाच्या बाजूवर येते. तेव्हा साक्षीदार नाही म्हणून दावाच नाही, असे समजण्याचे कारण नाही. मात्र त्या खुणांची नोंद कुठेतरी झालेली असली पाहिजे.

पोलिसांच्या कागदांपैकी पहिला म्हणजे फिर्याद आणि तिच्यावरून नोंदलेला प्रथम खबर अहवाल. १ जुलै २०२४ पासून हे गुन्हे भारतीय न्याय संहितेखाली नोंदले जातात. हयगयीने वाहन चालवण्यासाठी कलम २८१ आणि इजेसाठी कलम १२५ लागते. जखमी माणूस बेशुद्ध असेल आणि नातेवाईक दवाखान्यात अडकले असतील, तर फिर्यादीला उशीर होणे साहजिकच आहे. केवळ उशिरामुळे दावा नाकारू नये, असे न्यायालयांनी म्हटले आहे. पण उशिराचे कारण फिर्यादीतच लिहिलेले असावे. त्याहून महत्त्वाचा आहे वाहनाचा क्रमांक. पहिल्या जबाबात ‘अज्ञात वाहन’ आणि महिन्याभराने एकाएकी ठरावीक क्रमांक, अशी नोंद दिसली की विमा कंपनी वाहन नंतर घुसवल्याचा संशय घेते. तो संशय नेहमीच खोटा नसतो. बनावट दाव्यांची प्रकरणे खुद्द न्यायालयांपुढे आली आहेत आणि त्याची झळ खऱ्या जखमींना बसते.

घटनास्थळ पंचनामा, कच्चा नकाशा, साक्षीदारांचे जबाब, परिवहन कार्यालयातील मोटार वाहन निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल आणि शेवटी दोषारोपपत्र, हा संच पोलीस ठाण्यातून किंवा फौजदारी न्यायालयातून प्रमाणित प्रतींच्या रूपाने मिळतो. महाराष्ट्रात दाव्यासोबत पोलिसांकडून मिळणारा ‘एए फॉर्म’ जोडण्याची जुनी पद्धत आहे. त्यात वाहन, मालक, चालक, परवाना व विमा यांचा तपशील एकत्र मिळतो. वाहन निरीक्षकाच्या अहवालाकडे सहसा दुर्लक्ष होते. ब्रेक निकामी झाल्याने धडक बसली, असा बचाव चालक घेतो तेव्हा तोच कागद निर्णायक ठरतो, कारण वाहन तपासणीनंतर ताबा पावतीवर मालकाला परत मिळते, गॅरेजमध्ये जाते आणि दुरुस्तीबरोबर पुरावाही जातो.

दवाखान्यातला पहिला केसपेपर हा पूर्ण दाव्यातला सगळ्यांत जपायचा कागद आहे. अपघाताचा रुग्ण आला की दवाखान्यात मेडिकोलीगल नोंद होते आणि पोलिसांना कळवले जाते. त्या वेळी डॉक्टर ‘हकीकत’ म्हणून एक ओळ लिहितात आणि ती ओळ कोणी सांगितली हेही लिहितात. घाबरलेला भाऊ सांगतो, ‘गाडी स्लिप झाली’. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून कोणी सांगतो, जिन्यावरून पडला. दोन वर्षांनी उलटतपासात तीच ओळ विमा कंपनीचा वकील वाचून दाखवतो, आणि दुसऱ्या वाहनाने धडक दिलीच नव्हती असा युक्तिवाद उभा राहतो. खरी हकीकत, वाहनाचा प्रकार आणि शक्य असेल तर क्रमांक पहिल्याच कागदावर आला, तर पुढचा बराच वाद टळतो. रुग्णाला १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने नेले असेल, तर ठिकाण, वेळ आणि तेव्हाची प्रकृती यांची नोंद तिथेही असते. ती नोंद त्रयस्थाने आणि कोणताही वाद नसताना केलेली असते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

कॅमेऱ्यातील चित्रण आता बहुतेक रस्त्यांवर मिळू शकते. पेट्रोल पंप, ढाबा, सोनाराचे दुकान, सोसायटीचे फाटक, टोलनाका, सिग्नलवरचा पोलिसांचा कॅमेरा. पण या यंत्रांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप चढत जाते आणि काही दिवसांत हवा तो भाग नाहीसा होतो. म्हणून दुकानदाराला तोंडी विनंती करून थांबण्यापेक्षा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेणे चांगले. चित्रण पुढे मिळाले नाही, तरी ते वेळीच मागितले होते याचा पुरावा उरतो. टोलनाक्यावरील फास्टॅगची नोंद किंवा बसमध्ये बसवलेल्या जीपीएस यंत्राची नोंद यांवरून एखादे वाहन त्या वेळी त्या रस्त्यावर होते की नाही हे समजते.

अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्राची जोड लागते. हा नियम पक्का झाला तोही महाराष्ट्रातील एका प्रकरणात. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, की मूळ यंत्र न्यायालयात आणले नसेल तर प्रतीबरोबर प्रमाणपत्र आवश्यक आहे. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांत आहे, एक पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. न्यायाधिकरण तांत्रिक हरकतींना फार महत्त्व देत नसले, तरी पेनड्राइव्ह नुसता हाती ठेवण्यापेक्षा कॅमेऱ्याच्या मालकाकडून वेळीच हा कागद घेतलेला बरा. व्हॉट्सअपवरून आलेल्या चित्रफितीचा मूळ धनी सापडत नाही, हीच तिची मोठी अडचण असते.

साक्षीदाराबद्दल थोडे. रस्त्यावर मदत करणाऱ्याला मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. म्हणून त्याच्या खुशीने फोन क्रमांक घेतला, तर तो साक्षीदार, नाहीतर गर्दीतला एक चेहरा. जखमी माणूस स्वतःही साक्षीदार असतोच. मागे बसलेल्याला किंवा सर्वांत चांगल्या प्रत्यक्षदर्शीला तपासले नाही, एवढ्याच कारणाने दावा फेटाळणे चूक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ व २०२० मधील निकालांत म्हटले. दुचाकीवर तिघे होते म्हणून आपोआप सहभागी निष्काळजीपणा ठरत नाही, हेही २०२० मध्येच स्पष्ट झाले. तिघे बसल्यामुळे धडक झाली किंवा इजा वाढली, असा संबंध दाखवावा लागतो.

यानंतर शरीराचा पुरावा. उपचारांची बिले, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेच्या नोंदी, एक्स-रेच्या फिल्म, फिजिओथेरपीच्या बैठका, दवाखान्यात जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे, घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार. बिलांवर रुग्णाचे नाव व तारीख हवी आणि औषधाच्या पावतीमागे डॉक्टरांची चिठ्ठी हवी, नाहीतर ती रक्कम वगळली जाते. मेडिक्लेम घेताना मूळ बिले विमा कंपनीकडे जातात. त्याआधी दवाखान्याचा शिक्का मारलेल्या प्रती काढून ठेवाव्या लागतात. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघात भरपाईतून वजा करता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला. विमा स्वतःच्या हप्त्यातून घेतलेला असतो, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला मिळू नये, असा त्यामागचा विचार आहे.

पण खरी लढाई बिलांची नसते, अपंगत्वाची असते. इथे २०१० मध्ये निकाली निघालेला राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल आजही पायाभूत आहे. शारीरिक अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने नीट मांडले. प्रमाणपत्रात ‘डाव्या पायाचे ४५ टक्के’ असे लिहिले असेल, तर ते संपूर्ण शरीराचे ४५ टक्के होत नाही. दुसरीकडे, डावा हात गेलेल्या चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, पण कारकुनाची नोकरी टिकू शकते. टक्का शरीराचा नाही, त्या माणसाच्या कामाचा मोजायचा असतो. २०१४ मध्ये भाजी विकणाऱ्या एका तरुणाचा पाय कापावा लागल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कमाईच्या क्षमतेतील घट ८५ टक्के धरली.

याचा पुराव्याशी संबंध असा, की नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. कोणते काम करताना अडचण येते, हे न्यायाधिकरणाला कळले पाहिजे. उकिडवे बसता येते का, ओझे उचलता येते का, क्लच दाबता येतो का, जिना चढता येतो का. हे सांगणारा डॉक्टर शक्यतो उपचार करणाराच असावा. रुग्णाला कधीही न तपासता सढळ हाताने टक्के वाटणाऱ्या प्रमाणपत्रांपासून सावध राहा, असे राजकुमार निकालातच न्यायाधिकरणांना बजावले आहे, आणि शंका असेल तर वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याचा मार्गही दाखवला आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाचे प्रमाणपत्र म्हणूनच वजनदार ठरते. ते घाईने काढण्यात अर्थ नसतो. हाड जुळून, प्लेट बसून, व्यायाम करूनही जे उरते तेच कायमचे. डॉक्टर न्यायालयात यायला नाखूष असतात ही नेहमीची तक्रार आहे. त्यावर त्यांची साक्ष आयुक्तामार्फत दवाखान्यातच नोंदवण्याचा उपाय आहे.

कमाईच्या बाबतीत पगारदाराचे काम सोपे असते. पगारपत्रक, फॉर्म १६, बँक खाते, आणि रजा किती गेली याचे मालकाचे पत्र. ते पत्र देणाऱ्याने साक्षीला येणे मात्र गरजेचे असते. कठीण असते ते शेतकऱ्याचे, हमालाचे, रिक्षाचालकाचे, घरकाम करणाऱ्या बाईचे. सात-बारा उतारा जमीन दाखवतो, उत्पन्न दाखवत नाही. शिवाय विमा कंपनी म्हणते, जमीन तर जागेवरच आहे, पीकही येते. त्याला उत्तर असते ते देखरेखीचे. मालक अंथरुणाला खिळल्यावर मजूर लावावा लागला, जमीन बटईने द्यावी लागली, दूध कमी झाले. साखर कारखान्याची उसाची बिले, डेअरीचे दहा दिवसांचे हिशेब, बाजार समितीतील आडत्याची पट्टी, सोसायटीचे पीककर्ज, असे कागद आधीची दोनतीन वर्षे आणि अपघातानंतरचे वर्ष शेजारी ठेवून दाखवले, तर फरक डोळ्यांना दिसतो. छोट्या दुकानदारासाठी यूपीआयच्या जमा नोंदी हा अलीकडे आलेला चांगला पुरावा आहे.

कागद अजिबात नसतील तरी दार बंद होत नाही. २००४ मध्ये जखमी झालेल्या एका हमालाने महिना ४,५०० रुपये कमाई सांगितली होती, कागद काहीच नव्हता. खालच्या न्यायालयांनी ३,००० धरले, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याचे म्हणणे मान्य केले. हमालाकडून पगारपत्रकाची अपेक्षा करणे वास्तवाला धरून नाही, हा त्यामागचा विचार. कुशल-अकुशल कामाचे किमान वेतनाचे दर अशा वेळी किमान आधार देतात. २०२१ मध्ये गृहिणीच्या कामाचेही मोल ठरवताना हात आखडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

अपंगत्व आणि कमाई या दोन गोष्टींच्या पुराव्याचा रकमेवर किती परिणाम होतो, ते एका काल्पनिक हिशेबातून दिसेल. वय ३४, स्वतःचा व्यवसाय, महिना १५,००० रुपये. वर्षाचे १,८०,०००. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीखालील स्वयंरोजगारितासाठी भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवले, की २,५२,०००. कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट म्हणजे वर्षाला ७५,६००. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात या वयाला गुणक १६. रक्कम १२,०९,६००. आता उत्पन्नाचा कागद नाही म्हणून ८,००० रुपयेच धरले, तर तीच रक्कम ६,४५,१२० होते. उत्पन्न पूर्ण मान्य झाले पण डॉक्टर साक्षीला न आल्याने घट १० टक्केच धरली, तर ४,०३,२००. वेदना, उपचार, पौष्टिक आहार, मदतनीस यांची रक्कम निराळी. अपघात तोच, पाय तोच आणि चालकाची चूकही तीच.

पैसे देणारा कोण, याचाही पुरावा लागतो. वाहनक्रमांकावरून विमा कंपनीचे नाव व पॉलिसीची मुदत परिवहन विभागाच्या ॲपवर समजते, आणि नोंदणी अधिकारी व पोलीस यांनी ही माहिती जखमींना देणे कायद्याने बंधनकारक आहे. चालकाचा परवाना वैध नव्हता, असा बचाव कंपन्या हमखास घेतात. पण ते सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर असते, आणि बऱ्याच वेळा न्यायालय कंपनीला आधी जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करायला सांगते. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केल्यावर टेंपोंबाबतचे बरेच वाद मिटले.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी पुरावा गोळा करण्याचे पुष्कळसे काम पोलिसांवर टाकले आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना आणि त्याने स्वतः भरून द्यायचा नमुनाही त्यात आहे. या पद्धतीची अंमलबजावणी व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये देशभरासाठी निर्देश दिले. नियम चांगले आहेत, पण जखमीने आपला नमुना रिकामा सोडला, तर पोलीस त्याचे उत्पन्न वा व्यवसाय अंदाजाने भरतात आणि तो अंदाज पुढे त्याच्याच विरोधात वाचला जातो.

१ एप्रिल २०२२ पासूनच दाव्याला सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली. १९९४ मध्ये काढून टाकलेली ही अट २०१९ च्या दुरुस्तीने परतली आणि तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत शहाणपणाचा मार्ग म्हणजे अर्ज मुदतीत करणे आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र नंतर जोडणे, कारण सहा महिन्यांत हाड जुळतेच असे नाही. अर्ज अपघात झाला त्या जिल्ह्यातच करायला हवा असे नाही, अर्जदार राहतो किंवा काम करतो तिथेही चालतो. द्रुतगती मार्गावर जखमी झालेल्या नांदेडच्या माणसाला त्यासाठी पुणे वा रायगडच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

सुनावणीत अर्जदाराची सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते, मग उलटतपास. कागद दाखल केला म्हणजे तो वाचला गेला असे होत नाही, त्याला निशाणी क्रमांक मिळावा लागतो. पोलिसांच्या प्रमाणित प्रतींना तो सहज मिळतो. खासगी दवाखान्याचे बिल किंवा मालकाचे पत्र यांना तो तेव्हाच मिळतो, जेव्हा समोरची बाजू ते मान्य करते किंवा ते लिहिणारा येऊन शाबीत करतो. म्हणून साक्षीदारांची यादी करताना रस्त्यावरच्या माणसाइतकाच दवाखान्याचा लेखनिक आणि कारखान्याचा हिशेबनीस महत्त्वाचा असतो.

चूक सिद्ध करण्याइतका पुरावा हाती नसेल, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६४ खाली गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मिळतात. तिथे निष्काळजीपणा दाखवावा लागत नाही. पण ती रक्कम कलम १४९ खाली विमा कंपनीशी तडजोड करून स्वीकारली, की मोठा दावा संपतो. वाहनच सापडले नाही, तर अज्ञात वाहनाच्या योजनेखाली गंभीर इजेसाठी पन्नास हजार मिळतात आणि त्यासाठी अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्यापैकी चौकशीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. त्या अर्जालाही प्रथम खबर अहवाल आणि दवाखान्याचा पहिला कागद जोडावा लागतो.